पडद्यामागची खुर्ची

दिवाळीची सुटी लागली की अंगणात मुलांच्या किल्ल्याची धांदल उडते. माती हवी, विटांचे तुकडे हवेत, पेरायला आळीव हवा, आणि मुख्य म्हणजे दगड हवेत. पुण्यात पाहा, नाशकात पाहा, साताऱ्यात पाहा, हाताला लागणारा दगड बहुधा काळाच. मग एखादे चौकस पोर मान वर करून विचारते, "आपल्याकडचा दगड काळाच का?" आपणही हातातला फराळाचा ताट खाली न ठेवता सांगून टाकतो, "अरे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीच्या भेगांतून लाव्हारस उसळला. त्याचे थरांवर थर साचले, निवले, आणि त्यातून आपला सह्याद्री झाला."

एवढे सांगायला आपल्याला अर्धा मिनिट पुरतो. पण हे अर्ध्या मिनिटाचे ज्ञान मिळवण्यासाठी कोणी तरी दगडापुढे वर्षानुवर्षे बसलेले असते. आणि बसायचे म्हटले की आधी जागा लागते. वाचकहो, आजची कथा त्या जागेचीच आहे. ती आपल्या देशातली नाही, परंतु वाचून झाल्यावर ती अगदीच परकी वाटेल असे मला वाटत नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स नावाचे विद्यापीठ आहे. १८७६ साली ते सुरू झाले ते जर्मन विद्यापीठांचा कित्ता समोर ठेवून. नुसते पाठ घेऊन परीक्षा घ्यायच्या नाहीत, विद्यार्थ्याने नवे ज्ञान शोधून काढायचे आणि मग त्याला डॉक्टर म्हणायचे, ही तिथली रीत. १८९१ साली त्या विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे वर्ग चालू असताना कोणी आत डोकावले असते, तर त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसली असती. वर्गाच्या एका कोपऱ्यात एक पडदा उभा केलेला असे, आणि त्या पडद्यामागे एक खुर्ची. खुर्चीवर एकोणतीस वर्षांची एक बाई टिपणे घेत बसलेली असे. तिच्या दर्शनाने वर्गातल्या तरुणांचे चित्त विचलित होऊ नये, एवढ्यासाठी तो पडदा!

या बाईचे नाव फ्लॉरेन्स बॅस्कॉम. तिचे नाव विद्यापीठाच्या पटावर नव्हते. तिच्याकडून शिकवणीची फी घेत नव्हते, फक्त प्रयोगशाळेचा खर्च तेवढा घेत. वरवर पाहता ही सवलत वाटते. पण जिची फी घेतली नाही ती विद्यार्थिनीच नव्हे, असा त्यातला अर्थ होता. शिकायची मुभा होती. शिकली असे म्हणवून घ्यायची नव्हती.

कोणी म्हणेल, एवढा अपमान सोसून तिथेच जायचा हट्ट कशाला? घरी बसून अभ्यास करता आला नसता का? इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. कवीला कागद आणि दौत पुरते. गणिती पाटीवरही गणित मांडू शकतो. भूगर्भशास्त्राचे तसे नाही. डोंगर हिंडायला हवा, हातोडा हवा, नकाशा हवा. डोंगरातून आणलेला दगड कापायचे यंत्र हवे. कापलेली चकती काचेवर चिकटवून घासत घासत मिलिमीटरच्या तीन शतांशाइतकी पातळ करावी लागते. तेव्हा कुठे दगडातून उजेड आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले एकेक खनिज आपापल्या रंगाने ओळखू येते. हे सारे साहित्य विद्यापीठाच्या दाराआड. शिवाय, हे पाहायला शिकवणारा गुरू हवा. साध्या पदवीला शंभर विद्यार्थी एकदम बसतात. डॉक्टरेटला मात्र एका गुरूने एका शिष्याला पत्करावे लागते. तेव्हा तिथे दार बंद म्हणजे विद्याच बंद.

फ्लॉरेन्सच्या बाबतीत नशिबाने दोन दारे आधीच उघडी होती. पहिले घरचे. तिचा जन्म १८६२ सालचा. वडील जॉन बॅस्कॉम हे विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रमुख होते, आणि मुलींनी मुलांच्या बरोबरीने शिकावे असे मानणारे होते. आई एमा ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणारी. अशा घरातल्या मुलीला, "तुला शिकून काय करायचे आहे?" असा प्रश्न ऐकावा लागला नाही. दगडांची गोडी तिला कशी लागली याचीही हकीकत आहे. वडील आणि त्यांचे स्नेही एडवर्ड ऑर्टन यांच्याबरोबर ती एकदा गाडीतून सहलीला गेली होती. ऑर्टन हे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. बाकीच्यांना जिथे नुसत्या टेकड्या दिसत होत्या, तिथे त्यांना त्या टेकड्यांचा इतिहास दिसत होता. ते मुलीच्या मनात बसले.

विस्कॉन्सिनमध्ये तिने एकामागून एक पदव्या घेतल्या आणि १८८७ साली ती एम. एस. झाली. मधल्या काळात आणि पुढेही तिने शिक्षिकेचे काम केले. पण दुसऱ्याने शोधलेले मुलांना सांगत राहण्यात तिचे समाधान होईना. स्वतः शोधावे, ही ओढ तिला बाल्टिमोरला घेऊन गेली.

तिथे दुसरे दार उघडले ते जॉर्ज हंटिंग्टन विल्यम्स या प्राध्यापकाने. हा जर्मनीत हायडेलबर्गला शिकून आलेला गृहस्थ. दगडाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरून वाचण्याची विद्या अमेरिकेत रुजवणाऱ्यांत त्याचे नाव घेतात. वयाने तो फ्लॉरेन्सपेक्षा जेमतेम सहा वर्षांनी मोठा. बाईमाणसाला शिष्य म्हणून घेण्यात त्याला काही अवघड वाटले नाही. अडचण होती ती विद्यापीठाची. १८९० साली तिने अर्ज केला. कारभारी मंडळाने विचार केला आणि १८९१ साली वर सांगितलेली तोड काढली: वर्गात बसू द्यावे, पटावर घेऊ नये.

या सावधगिरीला तिथे एक पूर्वपीठिका होती. याच विद्यापीठात तिच्या आधी क्रिस्टीन लॅड नावाच्या विदुषीने गणित आणि तर्कशास्त्रात डॉक्टरेटचे सगळे काम १८८२ सालीच पुरे केले होते. तिला पदवी नाकारली. ती पदवी तिच्या हाती पडली १९२६ साली, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी! हे फ्लॉरेन्सच्या डोळ्यांपुढे होते. पडद्यामागे बसताना आपल्या कष्टांचे शेवटी काय होईल, याची तिला कसलीच शाश्वती नव्हती.

आता तिने केले काय ते पाहू. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या राज्यांच्या सीमेवर साउथ माउंटन नावाची डोंगररांग आहे. तिथले काही खडक पापुद्र्यापापुद्र्यांचे दिसतात. पाण्याच्या तळाशी गाळ साचून जे स्तरित खडक होतात, त्यांच्यासारखे. म्हणून आधीच्या अभ्यासकांनी त्यांची गणना गाळाच्या खडकांत केली होती. विल्यम्सला शंका होती की, हे गाळाचे नव्हेत, हे फार जुन्या ज्वालामुखीचे अवशेष असावेत. त्याने तसे लिहिलेही होते. पण शंका निराळी आणि खडक न् खडक तपासून उभा केलेला पुरावा निराळा. तो पुरावा उभा करण्याचे काम फ्लॉरेन्सने अंगावर घेतले.

ती डोंगर हिंडली, नमुने आणले, चकत्या केल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. तिथे तिला दिसल्या त्या प्रवाहाच्या रेषा, पातळ काकवी वाहताना उमटाव्यात तशा. काच निवताना तिच्यात ज्या गोलाकार बारीक भेगा पडतात, त्या दिसल्या. वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या आणि मागाहून खनिजांनी भरून निघालेल्या पोकळ्या दिसल्या. आपल्या सह्याद्रीच्या दगडात अशाच पोकळ्यांतून सुंदर गारगोट्या सापडतात, हे मुलांना ठाऊक असतेच. गाळाच्या खडकात या खुणा येतील कुठून? हा लाव्हारसच होता. युगानुयुगे दाब सोसून त्याला पापुद्रे सुटले होते, आणि त्यात मुळात असलेली काच कालांतराने बारीक स्फटिकांत बदलून गेली होती. आज या खडकांचे वय पंचावन्न कोटी वर्षांहून अधिक मानतात. म्हणजे आपला सह्याद्री त्यांच्यापुढे अगदी बाळ! मूळचे रूप पालटलेल्या अशा खडकांना काय म्हणावे, यासाठी तिने नावांची एक पद्धतही सुचवली. पुढे १८९६ साली अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्याने साउथ माउंटनच्या ज्वालामुखीय खडकांवरचा तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

१८९२ साली तिने डॉक्टरेटसाठी अर्ज केला तो गुपचूप, फारसा गाजावाजा न करता. प्रबंध नाकारण्यासारखा नव्हता. शेवटी खास बाब म्हणून १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सने तिला पीएच. डी. दिली. त्या विद्यापीठाने प्रत्यक्ष बहाल केलेली, स्त्रीची ती पहिली डॉक्टरेट. भूगर्भशास्त्रापुरते बोलायचे तर अमेरिकेत तिच्या आधी मिशिगन विद्यापीठाने मेरी होम्स यांना १८८८ साली ही पदवी दिली होती. पण हॉपकिन्सचे दार म्हणून लगेच सताड उघडले असे मात्र नाही. तिथे उच्च अभ्यासासाठी स्त्रियांना रीतसर प्रवेश मिळू लागला तो १९०७ साली. पदवी मिळाल्यावर वर्षभरातच, १८९४ साली, विल्यम्स विषमज्वराने गेला. वय अवघे अडतीस. फ्लॉरेन्सने अर्ज करायला आणखी चार वर्षे लावली असती तर? तिला पत्करणारा गुरूच उरला नसता. जागा मिळणे हे किती बारीक धाग्यावर लोंबकळत असते पाहा.

योगायोग असा की, त्याच १८९३ साली अटलांटिकच्या अलीकडे, लंडन विद्यापीठाने मरिया ऑगिल्वी नावाच्या एका स्कॉटिश तरुणीला भूगर्भशास्त्रातली डी. एस्सी. दिली. ही पदवी त्या विद्यापीठाकडून मिळवणारी ती पहिली स्त्री. तिची हकीकत फ्लॉरेन्सच्या हकीकतीची जणू जुळी बहीण आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

मरिया आधी लंडनला पियानो शिकायला गेली होती. संगीत सोडून ती विज्ञानाकडे वळली आणि १८९० साली बी. एस्सी. झाली. पुढच्या संशोधनासाठी जर्मनीत गेली, तर बर्लिन विद्यापीठाने बाई म्हणून प्रवेश नाकारला. पण तिथले नामांकित भूगोलवेत्ते रिश्टहोफेन, चीनच्या व्यापारी वाटेला 'रेशीममार्ग' हे नाव ज्यांनी रूढ केले तेच, यांनी तिला १८९१ च्या उन्हाळ्यात आल्प्समधल्या डोलोमाइट डोंगरांत बरोबर नेले. त्यांनी तिला ते डोंगर दाखवले आणि तिथेच अभ्यास कर म्हणून सुचवले. पण मदतीला कोणी नाही. सांगाती म्हणून डोंगरातला एखादा वाटाड्या, एवढेच. बाई एकटी कडे चढली, जीवाश्म वेचले, नकाशे केले. म्युनिकला व्याख्याने ऐकायची तर वर्गात बसायची सोय नव्हती. शेजारच्या खोलीत बसायचे आणि अर्धवट उघड्या दारातून कानावर पडेल ते टिपून घ्यायचे. बाल्टिमोरला पडदा, तर म्युनिकला अर्धे दार! तरी त्याच म्युनिक विद्यापीठाने १९०० साली तिला सन्मानपूर्वक डॉक्टरेट दिली. तोवर ती लग्न होऊन मरिया गॉर्डन झालेली होती. लग्नानंतरही तिने डोंगर सोडले नाहीत. ज्यांना लोक जागच्या जागी उभे असलेले प्राचीन प्रवाळांचे डोंगर समजत, त्यांना भूकवचाच्या हालचालींनी कसे पिळून, ढकलून एकमेकांवर चढवले आहे, हे तिने दाखवून दिले. वर्षानुवर्षे जमवलेला तिचा ग्रंथ १९१४ च्या महायुद्धाच्या धुमाळीत अडकला. बाईने युद्धानंतर पुन्हा कंबर कसली आणि तो १९२७ साली प्रसिद्ध केला. लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटीने १९१९ साली पहिल्यांदा स्त्रियांना सभासद करून घेतले. सोसायटीची स्थापना १८०७ ची, तेव्हा या सुबुद्धीला शंभरावर वर्षे लागली. त्या पहिल्या तुकडीत मरियाबाई होत्या. १९३२ साली त्याच सोसायटीने त्यांना आपले लायेल पदक दिले.

आता परत फ्लॉरेन्सकडे येऊ; कारण माझ्या मते तिच्या गोष्टीचा खरा गाभा पदवीत नाही, तर पुढे आहे.

दोन वर्षे ओहायोत शिकवून १८९५ साली ती ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात गेली. तिथे भूगर्भशास्त्राला कोणी फारसे मोजत नव्हते. इतर शास्त्रांच्या जोडीला असावे एक, एवढीच त्याची किंमत. बाईंना जागा मिळाली ती दुसऱ्या शास्त्रांच्या इमारतीतली अडगळ ठेवायची. पडद्यामागून निघालेली बाई अडगळीच्या खोलीत आली, असे म्हणायला हरकत नाही. पण या खेपेला खोलीची किल्ली तिच्या हातात होती. तिने खडक जमवले, खनिजे जमवली, जीवाश्म जमवले, पुस्तके जमवली, आणि त्या खोलीतून एक पुरा विभाग उभा केला. १८९६ साली अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्याने तिला नेमले. त्या खात्यात भूवैज्ञानिक म्हणून नेमलेली ती पहिली स्त्री. उन्हाळ्यात डोंगर हिंडून नकाशे करायचे आणि हिवाळ्यात चकत्या तपासायच्या, असा तिचा क्रम अनेक वर्षे चालला. फिलाडेल्फियाच्या परिसराचा १९०९ साली निघालेला भूगर्भीय नकाशासंच तिच्या या कामातला. १९०६ साली अमेरिकेतल्या वैज्ञानिकांचा एक चरित्रकोश निघाला, तेव्हा देशातल्या पहिल्या शंभर भूवैज्ञानिकांत तिची गणना झाली. त्या कोशाचे नाव मात्र होते 'अमेरिकन मेन ऑफ सायन्स'. पुरुषांच्या यादीत बाई बसली, पण नाव बदलायचे कोणाला सुचले नाही!

बाई शिस्तीच्या फार कडक होत्या. परंतु ज्या मुलीला खरोखर शिकायचे आहे, तिला त्यांच्या प्रयोगशाळेत पडदा नव्हता. ज्युलिया गार्डनर, इलिनोरा ब्लिस, ॲना जोनस अशा त्यांच्या विद्यार्थिनी पुढे त्याच सरकारी खात्यात नावारूपाला आल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत अमेरिकेत ज्या स्त्रिया भूवैज्ञानिक झाल्या, त्यांतल्या पुष्कळशा या एका अडगळीच्या खोलीतून निघालेल्या आहेत. बाई १९२८ साली निवृत्त झाल्या आणि १९४५ साली त्यांनी देह ठेवला. विल्यम्सने एका शिष्येला जागा दिली; त्या शिष्येने ती एकटीसाठी ठेवली नाही.

हे वाचताना कोणाला वाटेल, पाश्चात्त्यांचे हे जुने वेड, आपला काय संबंध? त्यांनी १९३३ सालचे बंगळूर आठवून पाहावे. शास्त्र निराळे, पण गोष्ट तीच. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत पहिली आलेली आपली कमला भागवत, पुढच्या डॉ. कमला सोहोनी, रसायनातल्या संशोधनासाठी तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून तिला नकार दिला. मुलगी सत्याग्रहाला उभी राहिली. मग प्रवेश मिळाला तो अटींवर: वर्षभर परीक्षाकाळ, तोवर कामाला मान्यता नाही, आणि तिच्यामुळे मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येता कामा नये. बाल्टिमोरचा पडदा कापडाचा होता, बंगळूरचा शब्दांचा, एवढाच फरक. वर्षभराने रामन यांनी तिचे काम पाहून ते मान्य केले. पुढे १९३९ साली केंब्रिजने तिला डॉक्टरेट दिली. आणि आणखी चव्वेचाळीस वर्षांनी, १९८३ साली, अंटार्क्टिकाला निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत दोन स्त्रिया गेल्या. एक नागपुरात जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत, आणि दुसऱ्या जादवपूर विद्यापीठाच्या डॉक्टरेट, भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. बर्फाच्या त्या खंडावर हातोडा घेऊन खडक तपासणाऱ्या सुदीप्ताबाईंच्या भोवती पडदा उभारायला कोणी आले नाही.

मात्र गोष्ट इथे गोड झाली म्हणून सगळे संपले असे समजू नये. आजही एखादा मुलगा वा मुलगी एम. एस्सी. होते, भूगर्भशास्त्रात संशोधन करावे म्हणून दूरदूरच्या प्राध्यापकांना पत्रे धाडते आणि उत्तराची वाट पाहत बसते. कोणाला शिष्यवृत्ती नसते, कोणाला ओळख नसते, कोणाच्या घरी "आता किती दिवस शिकणार?" हा प्रश्न रोज ताटाबरोबर वाढला जातो. कापडी पडदे गेले. साधे-साधे पडदे पुष्कळ उरले आहेत. फ्लॉरेन्सला पटावरच्या नावापेक्षा आधी तीन गोष्टी लागल्या: ओढ समजून घेणारे घर, पत्करणारा गुरू आणि बसायला एक खुर्ची. यांतली तिसरी विद्यापीठाच्या हाती, दुसरी प्राध्यापकाच्या. पण पहिली तर तुमच्या-माझ्याच हाती आहे ना?

साउथ माउंटनच्या दगडाला त्याच्या पापुद्र्यांवरून लोक गाळ समजले होते. आत विस्तव होता, हे कळायला तो उजेडापुढे धरावा लागला.

तेव्हा यंदा किल्ला करताना घरातली चिमुरडी दगड हातात घेऊन "हा असा का?" म्हणून विचारत बसली, तर तिला "चल ऊठ, हात धू, फराळाला बस" असे लगेच म्हणू नका. थोडा वेळ बसू द्या.